कोऱ्या नमुन्यातलं लोखंड

कॉलेजात तिला काडेपेटी म्हणायचे. रसायनशास्त्राच्या वर्गात मुली मोजक्याच होत्या. त्यातल्या हिच्या टेबलावरची ब्युरेट कुणी न विचारता उचलली, तर तो मुलगा पुढचा आठवडाभर प्रयोगशाळेच्या दारातून आधी तिचा अंदाज घ्यायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. नाव चिकटलं ते कायमचं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकायला लागले, तरी जुन्या मैत्रिणींचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, "काय गं काडेपेटी, आज कुणाला लावलीस?"

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. काचा घासता घासता माणूस स्वतःही गुळगुळीत झाला होता. कशाचा ओरखडा म्हणून उठायचा नाही. "तुझा राग बघायला चष्मा लागत नाही," एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागायचा. सासूबाई मात्र हिच्याच जातकुळीतल्या, फटकळ. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दोघींची कडाक्याची जुंपली. तेव्हा एकमेकींचं पाणी जोखून झालं, आणि मग दोघींचं असं मेतकूट जमलं की नवरा आणि मुलगी घाबरून असायचे.

नोकरी औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत. शिरेतून देतात ते सलाइन आणि इंजेक्शनसाठी लागणारं पाणी, यांत कुठल्या धातूचा मागमूस राहिला आहे का, हे शोधायचं तिचं काम. अशा कामात प्रत्येक नमुन्याबरोबर एक कोरा नमुना चालवतात. बाटली तीच, ॲसिड तेच, हाताळणी तीच, फक्त आत अगदी शुद्ध पाणी. यंत्राने त्यात काहीच दाखवायचं नाही. कोऱ्यात काही निघालं, तर तो दोष मालाचा नसतो, तपासणाऱ्याचा असतो. काडेपेटीचे कोरे नमुने इतकी वर्षं खरोखरच कोरे असायचे, आणि त्याचा तिला गर्व होता. लपवायची नाही ती तो.

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या कोऱ्या नमुन्यात लोखंड निघालं. ॲल्युमिनियमही निघालं. तिने बाटल्या बदलल्या, ॲसिड नवं काढलं, तरी निघालं. दोन दिवस सगळं साफ, मग पुन्हा लोखंड. तपासणी अडली, माल गोदामात अडकला.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं नाही. ते स्वतः तिच्या टेबलाशी आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मॅडम, घरची भांडी घासता तशीच इथली घासता का?"

मागे कुणीतरी हसलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज तिने जागेवर ठेवला.

"साहेब, घरची भांडी ॲसिडमध्ये भिजवत नाही मी. इथली भिजवते."

"मग हे लोखंड आलं कुठून? आकाशातून पडलं?"

साहेबांनी कालपरवा लागलेल्या दोघांना तिच्या शेजारी उभं केलं आणि तिला प्रयोगशाळेतली झाडून सगळी भांडी पुन्हा धुवायला लावली, त्यांना शिकवण म्हणून. तिने ती धुतली. ओठ इतके घट्ट मिटून धुतली की संध्याकाळी जबडा दुखत होता. दुसऱ्या दिवशी कोरा नमुना कोरा आला. साहेब जाता जाता म्हणाले, "बघा. धुतलं की जातं." त्याच आठवड्यात लोखंड परत आलं, आधीपेक्षा जास्त.

त्या दिवशी घरी निघताना तिने स्कूटरच्या सीटवरून हात फिरवला आणि तळव्याकडे बघत राहिली. पिवळसर, पिठासारखी बारीक धूळ. मागच्या वेळी लोखंड निघालं त्या दिवशीही सीट अशीच पिवळी होती, तिला आठवलं. साहेबांचा विचार करत तिने तेव्हा ती रागाने झटकली होती. आता तिने पर्समधला स्वच्छ कागद काढला, धूळ त्यात पुसून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन ती ॲसिडमध्ये विरघळवून यंत्राला लावली.

लोखंड आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण तेच निघालं, जे तिच्या कोऱ्या नमुन्यात होतं. गंजाचं लोखंड असतं तर ते एकटं आलं असतं. दर वेळी त्याच मापात ॲल्युमिनियमचा हात धरून ते कशाला येईल? पुढच्या पिवळ्या दिवशी तिने प्रयोगशाळेत ठिकठिकाणी ॲसिडने धुतलेल्या उथळ बश्या उघड्या ठेवल्या. सगळ्यात जास्त धूळ पडली ती हवा आत सोडणाऱ्या झरोक्याखालच्या बशीत. देखभालीच्या माणसाला शिडी लावायला सांगितली. छतातलं गाळणं काढलं, तर त्याच्या कोपऱ्यात मूठ जाईल एवढं भोक.

ते गाळणं तसंच उचलून तिने साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "हे घ्या तुमचं आकाश."

साहेबांनी आधी दार लावून घेतलं, मग खुर्चीत बसून अगदी समजुतीच्या सुरात बोलले. "मॅडम, नीट ऐका. भोक होतं असं लिहिलं, तर गेल्या कित्येक महिन्यांचा माल संशयात येतो. तुमची हाताळणी अस्वच्छ होती असं लिहिलं, तर फक्त तुम्ही संशयात येता. तुम्हाला काय, एक ताकीद मिळेल. पुढच्या महिन्यात विसरतील सगळे."

"आणि ज्यांच्या शिरेत ते सलाइन जातंय ते?"

"गाळणं मी उद्या बदलतोय. हवेवर खापर फोडायचं आता बंद करा."

तिने ताकीद घेतली नाही, म्हणून त्यांनी राजीनामा मागितला. तिने तो दिला, आणि औषध तपासणी खात्यात तक्रारही दिली. खात्याची माणसं आली, नवं कोरं गाळणं बघून गेली. तिची तक्रार हवेत विरली.

त्यानंतरचे काही आठवडे त्या घरात कुणी सुखाने राहिलं नाही. डबे आपटले जात होते, दारं आदळत होती, मुलगी अभ्यासाच्या नावाखाली मैत्रिणीकडे पळत होती. शेवटी सासूबाईंनीच विषय काढला.

"अगं, भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं? ज्याचा राग आलाय त्याला जाऊन गाठ."

"गाठलं की आई. साहेब काय, खातं काय, सगळे एका माळेचे."

"साहेब गेला उडत. मी त्या धुळीबद्दल बोलतेय. ती येते कुठून, हे कळलं का तुला? नाही ना? मग अर्धवट भांडून घरी काय बसलीस?"

नवऱ्याने काचेवरची नजर न हलवता मान डोलावली.

मग ती विद्यापीठात गेली. विरघळवलेल्या धुळीच्या बाटल्या आणि आकड्यांचे कागद जुन्या जेवणाच्या डब्यात भरून नेले होते. रसायन विभागातल्या तिच्या एका जुन्या वर्गमित्राने चहा पाजला आणि सांगितलं, धुळीत आता नवीन काय उरलंय. हवामानवाले म्हणाले, आम्ही वारा मोजतो, त्याच्या पोटात काय आहे ते नाही. भूशास्त्र विभागातल्या पहिल्या दाराआडून उत्तर आलं की आम्ही दगडांची माणसं, उडणाऱ्या गोष्टी आमच्याकडे येत नाहीत. प्रत्येक जिन्याबरोबर तिचा पारा चढत होता. शेवटच्या खोलीत बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापक बाई बसल्या होत्या. निवृत्तीला आलेल्या. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड फोडायचा हातोडा ठेवला होता.

बाईंनी तिचे आकडे दोनदा वाचले. "सुरेख काम आहे. आता धूळ दाखवा."

"धूळ नाही. विरघळवली."

"सगळी?"

"त्याशिवाय मोजणार कशी?"

"मोजलीत हो. बघितलीत कधी?"

दिवसभराचं सगळं तिथे बाहेर आलं. "मला वाटलं होतं, निदान इथे तरी कुणी माझ्या कामात खोट काढायला बसलेलं नसेल."

"खोट नाही काढत. घर जाळून राखेवरून त्यात खोल्या किती होत्या ते सांगताय तुम्ही. लोखंड आहे म्हणता. कसलं? मातीच्या कणातलं की तांबड्या दगडातलं? कॅल्शियम आहे. ते चुन्याचं, सिमेंटचं, की आणखी कशाचं? ॲसिडमध्ये गेल्यावर सगळं सारखंच. ती कुठून आली ते धूळ सांगते, पण जिवंत असेपर्यंत."

ती उठून निघाली. जिना उतरताना तिने बाईंना मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दहा पावलांवर तिला कळलं होतं की आपला राग खोटं ऐकल्याचा नाही, खरं ऐकल्याचा आहे. तो जास्त झोंबतो. पुढच्या पिवळ्या दिवशी तिने गच्चीवर छोट्या पंपाने हवा ओढून कागदी गाळण्यावर धूळ धरली आणि ती न विरघळवता नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवली.

"घ्या. जिवंत आहे."

तळमजल्यावरच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती धूळ पहिल्यांदा दिसली. फुटक्या काचेसारखे धारदार कण होते, ते गारगोटीचे. फाटक्या कागदाच्या चिंध्यांसारखे पापुद्रे होते, ते चिकणमातीचे. लांब सुयांसारखे स्फटिक होते; ते जिप्समचे, बाई म्हणाल्या, खारं पाणी आटून गेलं की असे मागे राहतात. आणि या सगळ्या पसाऱ्यात एक नाजूक, होडीच्या आकाराचं कवच, दोन्ही बाजूंना ओळीने भोकं पाडलेलं, कुणी सुईने नक्षी काढावी तसं.

"हे काय?"

"डायटम. पाण्यात राहणारं एकपेशी शेवाळ. काचेसारख्या पदार्थाचं घर बांधतं. ते मरतं, घर राहतं."

"पाण्यातलं शेवाळ? धुळीत?"

"मीही तेच विचारतेय," बाई म्हणाल्या. "घाई करू नका. पूर्वी तळी होती अशा वाळवंटांतही जुनी कवचं सापडतात. हे कुठल्या पाण्यातलं, ते शोधावं लागेल."

काडेपेटी पडद्यासमोरून हलली नाही. अशी किती कवचं आपण आजवर ॲसिडमध्ये बुडवली असतील, याचा हिशेब तिला लागेना. साहेबांवरचा राग त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे. आता ती स्वतःवरच चिडली होती, आणि त्या चिडण्यात बऱ्याच दिवसांनी थोडी मजा होती.

बाईंनी तिला संशोधनासाठी घेतलं. सोबतची मुलं तिच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. ती सगळी तिला काकू म्हणायची. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट होतं ते पुढचं वाक्य. "काकू, एवढं सॅम्पल विरघळवून द्या ना." चर्चेत तिने काही म्हटलं की सगळे अदबीने थांबायचे आणि मग जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलायचे. खडकांची नावं तिला नीट येत नव्हती. कुणी एखादं नाव तिच्यासमोर फेकलं की ती घरी येऊन ते घोकायची, आणि सासूबाई भाजी निवडता निवडता तिची तोंडी परीक्षा घ्यायच्या. आपण काय विचारतोय ते त्यांना कळत नव्हतं, पण चुकलं की त्या रागवायच्या मात्र बरोबर.

वाऱ्याच्या दिशेवरून धुळीची वाट मागे मागे काढत गेलं, तर ती एका मोठ्या तळ्यापाशी पोचत होती. मुलांनी तिकडे जायचं ठरवलं. गाडी कधी निघणार, असं तिने विचारलं, तेव्हा त्यांचा म्होरक्या मनापासून म्हणाला, "काकू, तुम्ही लॅबमध्येच बऱ्या. तिकडे फार धूळ असते."

तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. बाकीची मुलं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. त्यांची गाडी पोचायच्या आधी ती दोन एसटी स्टँडांवर बस बदलून, शेवटचा टप्पा एका खडीच्या ट्रकमधून करून, तिथे पोचली होती.

नकाशात तिथे निळा रंग होता. समोर निळं काही नव्हतं. क्षितिजापर्यंत राखाडी पांढरं मैदान, वर मिठाची पातळ पापडी. पाय टाकला की ती मोडायची आणि खालून तेच ओळखीचं पिवळसर पीठ वर यायचं. होड्या होत्या, पण कुशीवर पडलेल्या, पाण्यापासून इतक्या लांब की तिथे पाणी होतं यावर विश्वास बसू नये. तळ्याला पाणी देणारी नदी वरच्या अंगाला अडवून कालव्याने शहराकडे वळवली होती. शहराला प्यायला, बागांना, कारखान्यांना. आपण वर्षानुवर्षं ज्याच्या शुद्धतेची हमी दिली ते पाणी या तळ्याच्या तोंडचं होतं, हे तिला तिथे उभं असताना कळलं. तिच्या घरच्या नळालाही तेच येत होतं. कुणावर चिडायचं ते क्षणभर ठरेना, म्हणून ती सगळ्यांवर चिडली.

काठच्या गावात एक छोटा दवाखाना होता. खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या, आणि त्याही पिवळ्या पडलेल्या. तिथल्या नर्सबाईंनी पंप आणि गाळणी बघून विचारलं, "आमची धूळ न्यायला आलात ना? खूप जण येऊन गेले. न्या, हवी तेवढी न्या. पावती नको."

"मी परत येणार आहे," काडेपेटी म्हणाली.

"तेही सगळे म्हणाले." नर्सबाईंनी चादर काढून बादलीत बुडवली, पिळली, पुन्हा लावली. "शहरात पोचल्यावर तुम्ही तिला धूळ म्हणता. आम्ही तिला तळं म्हणायचो. इथली पोरं वाऱ्याच्या दिवसांत दम लागून माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या आयांना मी काय सांगू? की तळं छातीत गेलंय?"

ती परत गेली. पुन्हा पुन्हा गेली. एक पंप दवाखान्याच्या गच्चीवर, एक वाटेतल्या शाळेवर, एक तिच्या स्वतःच्या घरावर. सासूबाई रोज सकाळी पंप चालू आहे का ते कान लावून ऐकायच्या. तळ्यातल्या मातीतले डायटम आणि गच्चीवरचे डायटम एकाच जातींचे निघाले. जिप्सम जुळलं, क्षार जुळले. उन्हाळ्याच्या तोंडावर शहरावर जी पिवळी धूळ यायची, तिचा बराच मोठा भाग तळ्याचा होता. आता आकडेही होते आणि कणांचे फोटोही. म्होरक्या एक दिवस तिच्या टेबलाशी आला, थोडा घुटमळला आणि म्हणाला, "काकू, या जिप्समच्या सुया आणि चुन्याचे कण वेगळे कसे ओळखायचे ते शिकवाल?" तिने शिकवलं. शिकवताना दोनदा टोमणा मारला, पण शिकवलं.

आणि मग ते वादळ आडवं आलं.

त्या वर्षी शहरावर असं धुळीचं वादळ आलं की दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागले. सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर फोटो. लोकांच्या डोक्यात धूळ म्हणजे तेच वादळ. तिने त्याची धूळ धरली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. जिप्सम नाही, क्षार नाहीत. डायटम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही भलत्याच जातींचे. गोल झिजलेली गारगोटी आणि तांबडी माती. ती धूळ तळ्याची नव्हतीच. फार दुरून, खऱ्याखुऱ्या वाळवंटातून आलेली होती.

तिने पुन्हा तपासलं. मुलांनाही तपासायला लावलं, त्यांच्यावर ओरडली. उत्तर बदललं नाही. शेवटी ती बाईंच्या खोलीत गेली.

"प्रबंधात इतकी वादळं आहेत. एक कमी असलं तर कोण विचारणार आहे?"

बाईंनी हातोडा उचलला, खालचे कागद सारखे केले आणि तो पुन्हा ठेवला.

"तुम्हाला माहीत नाही का ते पाणी खात्याचे लोक काय करतील? बाकी सगळं सोडून हे एकच पान फडकवतील. ती नर्स तिकडे चादरी पिळतेय, आणि मी इकडे त्यांच्या हातात कोलीत देऊ?"

"तुमच्या साहेबांनी काय केलं होतं?" बाईंनी विचारलं.

तिने दार असं आदळलं की हातोड्याखालचे कागदही उडाले म्हणतात. विभागाच्या पायऱ्यांवर ती कितीतरी वेळ बसून होती. येणारे जाणारे लांबून वळसा घालून जात होते. साहेबांशी आपलं नाव एका वाक्यात यावं, याच्याएवढा अपमान तिचा आजवर कुणी केला नव्हता, आणि तो करणाऱ्या बाईंचं चुकलं कुठे, ते मात्र सापडत नव्हतं. मग ती वर गेली, आणि ते वादळ तिने मागे कुठे परिशिष्टात ढकललं नाही, सरळ पहिल्या प्रकरणात घातलं.

प्रबंध झाला, त्यावर लेख छापून आला, वर्तमानपत्रांनी तो उचलला. एक दिवस फोन वाजला. साहेबांचा. आवाजात लोणी. कारखान्यात पुन्हा कोऱ्या नमुन्यांचा त्रास होतोय, तुम्ही आता या विषयातल्या तज्ज्ञ, सल्लागार म्हणून आलात तर बरं होईल.

"साहेब," ती म्हणाली, "भांडी नीट घासा."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही. गाळण्याला पुन्हा भोक पडलं असणार, आणि सलाइन अजून लोकांच्या शिरांत जात होतं. तिने औषध खात्याला पुन्हा सगळं सविस्तर कळवलं. या वेळी नावापुढे डॉक्टर होतं. खात्याची माणसं या वेळी न कळवता गेली आणि त्यांनी छत उघडून बघितलं. त्या विभागाला टाळं लागलं. साहेबांची बदली झाली, तीही बढती देऊन. हे ऐकून तिने एक बशी फोडली.

मग तळ्याच्या पाण्यावर जनसुनावणी लागली. मोठं सभागृह, पुढे टेबलामागे अध्यक्ष, एका बाजूला पाणी खात्याचे अभियंते आणि त्यांचे वकील. काठच्या गावातून बस भरून माणसं आली होती. नर्सबाई शेवटच्या रांगेत होत्या. अभियंता आधी बोलला. धूळ ही नैसर्गिक आपत्ती आहे, वारा आणि वाळवंट आमच्या खात्याच्या अखत्यारीत येत नाहीत. पुढच्या रांगेतले दोघेतिघे हसले.

तिची पाळी आली. तिने फोटो दाखवले, नकाशे दाखवले. वकील शांतपणे उठले, हातात तिचाच प्रबंध.

"मॅडम, ते मोठं वादळ. सबंध शहराने पाहिलेलं. ती धूळ वाळवंटातली होती, असं तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"म्हणजे खात्याचं म्हणणं बरोबर आहे."

सभागृहात कुजबुज झाली. तिला बाईंची खोली आठवली, ती पायरी आठवली, आणि पोटातून वर येणारा जाळ तिने या वेळी अडवला नाही.

"त्या वादळापुरतं बरोबर आहे. मला ते गाळता आलं असतं. तुमच्याकडे तसं करायची पद्धत आहे, म्हणून तुम्हाला वाटलं की मी चुकून लिहिलं. चुकून नाही लिहिलं. वाळवंटाची धूळ मी वाळवंटाच्या नावावर घातली, कणन्‌कण तपासून. त्याच सूक्ष्मदर्शकाखाली, त्याच पद्धतीने बाकीची तपासली, आणि ती तळ्याची निघाली. माझं पहिलं प्रकरण तुम्हाला मान्य असेल, तर पुढची सगळी मान्य करावी लागतील. तळ्याचा तळ उघडा वाऱ्याने नाही पाडला. कालव्याने पाडला, आणि कालवा तुमच्या अखत्यारीत येतो. आजवर लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकलीत, ती कुठली होती तेही मी सांगू शकते."

"मॅडम, आवाज जरा खाली," अध्यक्ष म्हणाले.

"आवाज खाली आणून धूळ खाली बसणार असेल, तर आणते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवटच्या रांगेतून नर्सबाई उठून उभ्या राहिल्या, एवढंच. मग त्यांच्या शेजारचे उठले, मग त्यापुढचे. अख्खी बस उभी होती. वकील प्रबंध मिटून खाली बसले.

निकाल लागायला बराच काळ गेला, आणि लागला तोही अर्धामुर्धा. तळ्याच्या एका भागात वाऱ्याच्या दिवसांत घोट्याएवढं पाणी सोडायचं ठरलं, म्हणजे तेवढा तळ ओला राहील आणि उडणार नाही. त्याच्या उद्घाटनाला मांडव घातला, फलक लावला. फलकावर खात्याचं नाव होतं, मंत्र्यांचं होतं, कंत्राटदाराचंही होतं. तिला व्यासपीठावर बसून आभाराचे दोन शब्द बोलायचं निमंत्रण होतं.

"कुणाचे आभार?" तिने फोनवर विचारलं, आणि पलीकडचा माणूस गडबडला.

ती गेली, पण मांडवात नाही. नर्सबाईंबरोबर ओल्या आणि कोरड्या भागांच्या मधोमध पंप लावत बसली. भाषणं चालू असताना वारा सुटला. ओल्या भागावरून काही उठलं नाही. पातळ पाणी नुसतं थरथरलं. तिने वाकून त्या पाण्यावरून एकदा हात फिरवला. हे तिने पुढे कुणापाशी कबूल केलं नाही. पण त्याच्या पलीकडचा सगळा कोरडा तळ उठला, भिंतीसारखा, आणि मांडवावर आला. कनाती फडफडल्या, माणसं तोंडावर रुमाल धरून गाड्यांकडे पळाली.

अभियंता त्याच्या गाडीत शिरत होता. ती तशीच, पापण्यांपर्यंत पिवळी झालेली, त्याच्या खिडकीशी गेली.

"पुढचा तुकडा कधी?"

"मॅडम, एवढं झालंय त्याचं तरी समाधान माना."

"मानलं असतं. पण श्वास घ्यावा लागतो ना मधे मधे. पुढचा तुकडा कधी?"

"प्रस्ताव पाठवा."

"पाठवलाय. परत पाठवते. मी दर वाऱ्याला इथे असते, आणि तुमच्या कार्यालयाचा जिनाही मला आता तोंडपाठ आहे. काच वर करायच्या आधी तारीख सांगा."

त्याने तारीख सांगितली नाही. सोमवारी या म्हणाला, आणि काच वर केली. ती गाडी लांब जाईपर्यंत बघत राहिली, मग तोंडातली कचकच थुंकून मागे वळली. नर्सबाई पंपाशी उकिडव्या बसल्या होत्या; वाऱ्याने त्याचा एक पाय उखडला होता.

"सोमवारी मीही येते," नर्सबाई म्हणाल्या. "मला माणसांवर ओरडायची सवय आहे. तुम्ही आकडे सांभाळा."

"आकडे आहेत. ओरडणंही मीच करते."

"दोघी करू," नर्सबाई म्हणाल्या, आणि पंपाचा पाय रोवायला दगड शोधायला लागल्या.